कॉरिंथच्या डोंगरावर नेलेली ओटी

नवस माझा नव्हता. हे मी सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो, कारण त्या दिवशी जे घडले त्यात मी पक्षकार होतो की केवळ साक्षीदार, याबद्दल आमच्या घरात अजूनही एकमत नाही. नवस माझ्या पत्नीचा होता. महामारीच्या पहिल्या वसंतात, उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही हात टेकून तिने तो मोठ्याने उच्चारला. मी बाजूच्या खोलीत होतो आणि दार उघडे होते. "आई, तू डोंगरावर राहतेस, तुला लांबचं दिसतं. माझी पोर मला परत दे. तुझ्या डोंगरावर येऊन तुझी ओटी भरीन." एवढेच. अटी नाहीत, मुदत नाही.

पोर म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, टिलबर्गला एका मालवाहतूक कंपनीत नियोजनाचे काम करीत होती आणि एकटी राहत होती. ताप चढल्यावर तिने हाउसआर्ट्सला, म्हणजे या देशात प्रत्येकाला नेमून दिलेल्या घरच्या डॉक्टरला, फोन केला. त्याने पॅरासिटॅमॉल घ्यायला आणि पडून राहायला सांगितले. दुसऱ्यांदा केला, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः केला, तर रुग्ण सज्ञान असल्यामुळे तुमच्याशी बोलता येणार नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी तिच्या शेजारणीने रुग्णवाहिका बोलावली. टिलबर्गच्या त्या ब्राबांट प्रांतातल्या इस्पितळांत तेव्हा खाट उरली नव्हती. तिला बेशुद्ध करून, यंत्राला जोडून, हेलिकॉप्टरने देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ग्रोनिंगनला नेण्यात आले. आम्हाला ती पोचल्यानंतर कळवले. भेटायची परवानगी नव्हती. रोज दुपारी एक परिचारिका फोन करी आणि प्रकृती स्थिर असल्याचे सांगे. पत्नी फोन ठेवून पुन्हा ओट्यापाशी जाऊन उभी राही.

मुलगी परत आली. चालायला काठी लागत होती, केस गेले होते, आवाज घोगरा झाला होता, पण आली.

मी त्या हाउसआर्ट्सला पत्र लिहिले. आयुष्यभर करारनामे तपासण्याची नोकरी केल्यामुळे पत्र कसे लिहावे हे मला कळते: घटनाक्रम, प्रत्येक फोनची वेळ, काय सांगितले, काय सांगायला हवे होते, आणि शेवटी एकच मागणी, चूक झाली हे लेखी मान्य करा. उत्तर आले ते असे, की आपल्याला हा अनुभव अशा प्रकारे आला याचे आम्हाला वाईट वाटते. वाईट कशाचे वाटले? मला काहीतरी वाटले याचे! मुलगी मरायला टेकली होती याचा त्यात उल्लेखही नव्हता. मी दुसरे पत्र लिहिले, मग तिसरे, मग तक्रार समितीला. समितीने प्रकरण सौहार्दाने मिटवण्याचा सल्ला दिला. मी पस्तीस वर्षे या देशात राहतो आहे आणि सौहार्द हे येथे दार बंद करण्याचे साधन आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. दार आपटत नाहीत. हसत हसत, अगदी हळू लावून घेतात.

तसा माझा पत्रव्यवहार जुना आहे. आमच्या घरावरून विमाने धावपट्टीकडे उतरतात, इतकी खाली की खिडकीची काच थरथरते. त्या आवाजाबद्दल मी वर्षानुवर्षे विमानतळाकडे तक्रारी नोंदवत आलो. त्या वसंतात आकाश एकाएकी रिकामे झाले. लोकांना पाखरे ऐकू येऊ लागली म्हणे. मला ती शांतता सहन होत नव्हती. विमाने नव्हती म्हणूनच तर नवस अडकला होता.

कारण पत्नीच्या लेखी डोंगरावरची आई म्हणजे वणीच्या गडावरची. आधी विमाने बंद. मग विमाने सुरू झाली, तर मुलीला धाप लागत होती आणि तिला सोडून जाणे शक्य नव्हते. पुढच्या वर्षी निघावे म्हटले, तर महाराष्ट्रात दुसरी लाट. ज्या भाच्याकडे उतरणार होतो तो स्वतःच प्राणवायूच्या नळकांड्यासाठी वणवण फिरत होता, आणि मंदिरांना कुलपे. पत्नीची झोप उडाली. मुलगी फोनवर नुसती खोकली तरी ती म्हणायची, "आठवण करून देतेय ती. तोंडाने बोलले आणि केलं नाही. दिलेली पोर परत मागून घेईल."

"अगं, देवी म्हणजे काही वसुली अधिकारी नव्हे."

"तुम्ही बोलू नका. एवढी पत्रं लिहिलीत, एक माणूस तरी परत आणलंत?"

ग्रीसचा विचार तिलाच सुचला. ती अनेक वर्षे आमच्या गावच्या वाचनालयात, नव्याने आलेल्या बायकांना डच वाचायला शिकवण्याच्या गटात जाते. तेथे सोप्या भाषेतली, चित्रांची पुस्तके वापरतात. वाचनालय पुन्हा उघडल्यावर असेच एक पुस्तक घेऊन ती घरी आली आणि कोट न काढताच माझ्यासमोर बसली. धान्याची देवी डीमीटर. तिची मुलगी फुले तोडत असताना जमीन फाटली आणि पाताळाच्या राजाने मुलीला पळवले. आई मशाली घेऊन पृथ्वीभर हिंडली. कोणीही दाद देईना, तेव्हा तिने धान्य उगवूच दिले नाही. देव उपाशी राहायची वेळ आली तेव्हा कुठे मुलगी परत मिळाली.

"हिने संप केला बघा," पत्नी म्हणाली. "अर्ज-विनंत्या करत बसली नाही." मग जरा वेळाने: "हिचं देऊळ डोंगरावर आहे. बघून ठेवलंय मी."

मी अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला. एका देवीला बोललेला नवस दुसऱ्या देवीकडे, तोही दुसऱ्या देशात, फेडता येणार नाही. ज्याचे देणे त्यालाच दिले पाहिजे. ती म्हणाली, "आई ती आई. मुलगी हरवलेल्या बाईला मी काय ते समजावून सांगीन." मुलीने तोपर्यंत विमानाची तिकिटेही पाहिली होती. लस झाली होती, क्यूआर कोड मिळाले होते, तिला ऊन हवे होते. "बाबा, एक आठवडा. आईचं काम एका दिवसात होईल. बाकीचे दिवस तुम्ही अथेन्सच्या फुटपाथबद्दल तक्रार करा."

अशा रीतीने त्या सप्टेंबरात आम्ही तिघे निघालो. पत्नीच्या हातातल्या कापडी पिशवीत हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदीकुंकवाच्या दोन डब्या आणि सुरिनामी भारतीयांच्या दुकानातून आणलेला नारळ होता. विमानतळावरच्या तपासनिसाने नारळ कानापाशी धरून हलवला. आत द्रव आहे, म्हणाला. द्रव शंभर मिलिलिटरच्या वर नेता येत नाही. मी त्याला नियम दाखवायला सांगितले. नियम डबे, बाटल्या आणि नळ्यांविषयी होता. नारळ हे फळ आहे, भांडे नव्हे, आणि जो नियम नारळाला लावायचा तो कलिंगडालाही लावावा लागेल, हे मी त्याला शांतपणे समजावले. शांतपणे, असे माझे म्हणणे. मुलीच्या मते मागच्या तीन रांगांना ऐकू जात होते. अखेर त्याने नारळ परत दिला. त्या सबंध प्रवासात माझे म्हणणे कोणी पहिल्याच फेरीत मान्य केले असेल तर ते तेथेच.

अथेन्सहून आम्ही भाड्याच्या गाडीने सकाळी लवकर कॉरिंथला गेलो. गाडी मुलगी चालवत होती. सपाट देशात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला तो डोंगर एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. खाली जुन्या शहराचे अवशेष, सात खांब उभे असलेले एक देऊळ, आणि मागे सरळ उठलेला करडा कडा, त्याच्या माथ्यावर तटबंदी. गाडी पहिल्या दरवाजापर्यंत जाते. पुढे चढण. दगड शतकानुशतकांच्या पायांनी इतके गुळगुळीत झालेले की बूट सरकत होते. कठडा नाही, दोर नाही, सूचनाफलक नाही. मी खिशातल्या वहीत तशी नोंद केली.

"लिहा, लिहा," पत्नी म्हणाली. "पडल्यावर उपयोगी पडेल."

मुलगी प्रत्येक दरवाजाशी थांबत होती. तट पाहण्यासाठी थांबले आहे असे ती दाखवी, पण तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. दीड वर्ष उलटून गेले होते, तरीही. पत्नी पिशवी छातीशी धरून तिच्या मागे दोन पावलांवर थांबे. तिसऱ्या दरवाजापाशी मुलगी दगडावर बसली आणि म्हणाली, "बाबा, हा डोंगर तुमच्या माणसाचा आहे. इथला राजा. सिसिफस. शिळा वर ढकलतो, ती खाली येते, परत ढकलतो. टपाल खात्यात असता तर अगदी तुमचाच भाऊ."

"त्याला शिक्षा कशाबद्दल झाली, ते सांग."

तिने फोनवर वाचून दाखवले. एका नदीदेवतेची मुलगी झ्यूसने पळवली. बाप शोधत या शहरात आला. राजाने पाहिले होते. त्याने सांगून टाकले. त्या बदल्यात नदीदेवतेने या कोरड्या डोंगरावर पाण्याचा झरा दिला. आणि झ्यूस राजावर कायमचा रुष्ट झाला.

मला त्या चढणीवर जो संताप आला तो मी आजही आवरू शकत नाही. म्हणजे पळवणारा मोकळा, आणि ज्याने बापाला खरे सांगितले तो शिक्षेस पात्र! साक्षीदाराला दंड! मी म्हणालो, की हे जगातले सर्वांत जुने निकालपत्र असावे आणि त्यानंतरची सगळी त्याचीच नक्कल आहे. पाहिलेले सांगितले, एवढाच त्याचा गुन्हा.

"पण त्याने पाणी घेतलं ना मोबदल्यात," मुलगी म्हणाली. "विकला गेलेला साक्षीदार."

"मोबदला घेतल्याने साक्ष खोटी ठरत नाही. विश्वासार्हता कमी होते, इतकेच."

"तुम्ही दोघं इथेच कोर्ट भरवा," पत्नी म्हणाली. "मला ऊन चढायच्या आत देवीकडे जायचंय."

माथ्यावर आम्ही गेलो. प्रीतीच्या देवतेचे देऊळ तेथे होते म्हणतात. आता पायाचे चार दगड आणि जोराचा वारा. दोन्ही बाजूंना समुद्र दिसत होता. पत्नीने तिकडे पाहिलेही नाही. तिची देवी माथ्यावर नव्हती, खालच्या उतारावर होती. मुलीने नकाशात खूण करून ठेवली होती. आम्ही उतरलो, गाडीत बसलो, आणि रस्त्याच्या एका वळणापाशी मुलीने गाडी कडेला घेतली.

तारेचे कुंपण. लोखंडी फाटक. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक ग्रीक कागद. आत वाळलेल्या गवतात पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या ठेंगण्या भिंती.

पत्नी फाटकाची एक सळई धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी वळलो आणि समोरच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या राखणदाराकडे गेलो. जाडजूड, पन्नाशीचा माणूस, मास्क हनुवटीवर. त्याचे इंग्रजी बोटीवर शिकलेले होते.

"बंद," तो म्हणाला.

"कोणाच्या आदेशाने?"

"करोना."

"करोना हा आदेश देणारा अधिकारी नव्हे. खालचे देऊळ उघडे आहे, वरचा किल्ला उघडा आहे. येथे छप्परसुद्धा नाही. हे उघड्यावरचे ठिकाण कोणत्या आदेशान्वये बंद ठेवले आहे, तो मला दाखवा."

त्याने कागदाकडे बोट केले. मुलीने फोन धरून कागदाचे भाषांतर केले. कागद आदल्या वर्षीचा होता आणि पुढील सूचनेपर्यंत, असे त्यात म्हटले होते. खाली सही नव्हती. मी त्याला ते दाखवले. बिनसहीच्या कागदाने फाटक बंद राहत नाही, हे त्याला तीन प्रकारे सांगितले. माझा आवाज चढला होता हे मान्य करतो. पण माझ्यासमोर तेव्हा तो गरीब बिचारा राखणदार नव्हता. फोनवरून पॅरासिटॅमॉल सांगणारा होता, सौहार्दाचा सल्ला देणारी समिती होती, आणि जबाबदारी कोणाचीच नसलेली ती सगळी गुळगुळीत व्यवस्था होती.

"मिस्टर," तो शेवटी म्हणाला, "माझ्याकडे किल्ली नाही. किल्ली खाली संग्रहालयात."

"मग फोन करा."

तो उठला, फोन काढला आणि रस्त्याने खाली चालत गेला. मी विजयी मुद्रेने मागे वळलो, तर पत्नी कुंपणाच्या तळाशी बसली होती. तेथे तार थोडी वर उचललेली होती. तिने आत हात घालून एका पडलेल्या घडीव दगडापर्यंत पोचते का ते पाहिले होते आणि आता कुंकवाची डबी उघडली होती.

"अगं, काय करतेस?"

"एवढंच बोट लावते. आणि नारळ आत सरकवते."

"बंद कर ती डबी! हे प्राचीन स्मारक आहे. दगडाला कुंकू लावणे हा येथे गुन्हा असणार."

"कुंकवाने दगडाचं काय वाईट होतं हो?"

मी काय काय बोललो ते आता सगळे आठवत नाही. आपल्याकडे किल्ल्यांवरचे दगड लोकांनी शेंदूर फासून कसे विद्रूप केले, त्याविषयी मी पुरातत्त्व खात्याला पाठवलेली पत्रे काढली. त्या माणसांत आणि आपल्यात फरक काय, असे विचारले. कायद्याच्या बाजूने भांडून मी फाटक उघडवत असताना तू मागच्या बाजूने भोक शोधतेस, असेही म्हणालो. ती रडत नव्हती. ती तेवढ्याच रागाने म्हणाली, "तुमचं फाटक उघडेल तेव्हा उघडेल. मी शब्द दिलाय. उद्या हिला काही झालं तर तुमचं कलम येणार आहे का मध्ये?"

"माझी ओटी शेवटची कधी भरलीस, आई?"

मुलगी गाडीला टेकून उभी होती. तिने हे मोठ्याने विचारले नाही.

"तो विषय आत्ता कशाला?"

"आत्ताच. देवीची भरायला तू विमानात बसून आलीस. माझी कधी?"

येथे मला ती गोष्ट सांगणे भाग आहे, जी मी कोणत्याही पत्रात लिहिलेली नाही. मुलीचा घटस्फोट झाला त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. महामारी येण्याआधीच्या जानेवारीत एका रविवारी आमच्या घरी संक्रांतीचे हळदीकुंकू होते. येथल्या मराठी मंडळातल्या वीस-बावीस बायका आल्या होत्या. त्यांतल्या काहींना मुलगी लहानपणापासून मावशी म्हणत आली आहे. ती टिलबर्गहून मुद्दाम आली होती, साडी नेसून. पत्नी तबक घेऊन एकेकीला कुंकू लावत, ओटीत तांदूळ घालत पुढे सरकत होती. मुलीच्या अलीकडच्या बाईपर्यंत पोचली आणि म्हणाली, "तू जरा आत जाऊन कॉफीचं बघतेस का?" मुलगी उठली. तबक तिच्या मोकळ्या खुर्चीवरून पुढे गेले. बायका एकदम जास्त मोठ्याने बोलू लागल्या. मी जेवणाच्या टेबलाशी बसून कचऱ्याच्या डब्यांची झाकणे नीट लागत नसल्याबद्दल नगरपालिकेला पत्र लिहीत होतो. मी हे सर्व पाहिले. मग मी पुढचे वाक्य लिहिले.

दोन महिन्यांनी ती यंत्रावर होती.

"बायका काय म्हणतील म्हणून गं," पत्नी म्हणाली. "कोणीतरी तोंडावर बोललं असतं तर तुलाच लागलं असतं. मी तुला वाचवायलाच…"

"कोणी बोलायच्या आधी तूच उठवलंस मला."

"रीत आहे ती. मी थोडीच काढली?"

"मग त्या बायका आल्या होत्या का ग्रोनिंगनला?"

"तिथे तर कोणालाच सोडत नव्हते."

"हो ना. कोणालाच." तिला धाप लागली होती. "तिथे जाग आली तेव्हा मला काय वाटलं माहितेय? आता तरी ही माझ्यासाठी काहीतरी करेल. आणि तू केलंस. देवीसाठी."

पत्नी कुंपणाशी तशीच बसून राहिली. कुंकवाची डबी हातात उघडी होती आणि वाऱ्याने त्यातली पूड तिच्या मनगटावर उडत होती. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मी काहीतरी बोलावे असे दोघींपैकी कोणालाही वाटत नव्हते, आणि ते योग्यच होते.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "इकडे ये," म्हणाली. स्वर रागाचाच होता. "साडी नाही, पदर नाही. कशात घालू?"

"टीशर्ट आहे."

"टीशर्टात ओटी भरतात?" तिने उन्हासाठी डोक्यावरून घेतलेली स्वतःची ओढणी काढून मुलीच्या खांद्यावर टाकली आणि तिची दोन टोके तिच्या हातात दिली. "धर नीट. पूर्वेला तोंड कर."

"पूर्व कुठेय?"

दोघींनी माझ्याकडे पाहिले. समोर समुद्र होता, म्हणजे उत्तर. मी उजवीकडे हात केला. त्या दिवशी त्या कामात माझा सहभाग तेवढाच.

मुलीने मास्क खाली केला. पत्नीने आधी हळद लावली, मग कुंकू. बोट कपाळावर टेकवले आणि लगेच उचलले नाही. तांदूळ ओंजळीने घातले, वर हळकुंड, सुपारी, खण, नारळ. नारळाच्या वजनाने ओढणी खाली ओढली गेली आणि मुलीने ती पोटाशी घट्ट धरली. लहानपणी पाहिलेले तिला आठवत असावे. तिने चिमूटभर तांदूळ उचलून आईच्या ओंजळीत परत टाकले. मग वाकून नमस्कार करायला गेली, तर खोकला आला. पत्नीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू दे. वाकू नकोस. सांडशील."

राखणदार परतला तेव्हा त्याच्या हातात किल्ली होती. संग्रहालयातल्या कोणी बाईने स्कूटरवरून पाठवली म्हणाला. "पाच मिनिटं," त्याने बोटे दाखवली. "फक्त तुमच्यासाठी. आणि मिस्टर, कोणाला पत्र लिहू नका." मुलगी फस्सकन हसली. कुलूप निघाले, साखळी खाली पडली, फाटक करकरत उघडले.

"चला," मी म्हणालो.

"आता कशाला?" पत्नी गाडीचे दार उघडत होती. "झालं माझं."

"झाले कसे? फाटक उघडले आहे. मी ते उघडवले आहे. तू देवीला बोलली होतीस."

"फेडला नवस."

"तिसऱ्याच व्यक्तीला देऊन देणे फिटत नाही."

ती वळली. पस्तीस वर्षांपूर्वी या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात तिने एकदा माझ्याकडे तसे पाहिले होते, त्यानंतर नाही. "तिसरी व्यक्ती?" एवढेच म्हणाली आणि गाडीत बसली. मुलगी मागच्या सीटवर, मांडीवर ओटी घेऊन, खिडकीच्या काचेत स्वतःचे कपाळ पाहत होती.

मी एकटाच आत गेलो. परवानगी मिळाली होती, आणि मागून घेतलेली परवानगी न वापरणे मला शोभणारे नव्हते. आत पाहण्यासारखे फार काही नाही. गवत, सरडे, लहान लहान खोल्यांचे पाये, आणि त्यांच्या भिंतीलगत दगडी बाके. नंतर मला कळले, की त्या खोल्यांत लोक देवीच्या नावाने एकत्र बसून जेवत. मूर्ती नाही, गाभारा नाही. हात जोडावेत असे काही दिसेना आणि माझ्या हातात काही नव्हतेही.

तेथे उभे राहून मला राग आला. राखणदाराचा नव्हे, रीतीचाही नव्हे. रीतीवर मी पुढे भांडेनच. पत्नी निदान घाबरली होती. तिला भीती होती आणि भीतीपोटी तिने चूक केली, आणि आज उन्हात उभी राहून ती दुरुस्त केली. मला कसलीही भीती नव्हती. ज्या बायका जास्त मोठ्याने बोलू लागल्या त्यांना मी ओळखत होतो, ते घर माझे होते, लेखणी माझ्या हातात होती. मला रीत अन्याय्य वाटत होती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. माझ्या मुलीला माझ्याच घरात पंगतीतून उठवले, आणि त्या रविवारी मी जगाला कळवले ते एवढेच, की डब्यांची झाकणे लागत नाहीत. हाउसआर्ट्सने आमचे तीनदा ऐकले नाही, याबद्दल त्याच्याविरुद्ध माझ्याकडे एक जाड फाइल आहे. मी तिला एकदाच पाहूनही पाहिले नाही, त्याची फाइल कोणाकडे आहे?

गाडीतून मुलीने हाक मारली, "बाबा! चला ना, भूक लागलीय आम्हाला."

राखणदार साखळी उचलून फाटकाशी आला आणि वेळ संपली, अशी खूण त्याने केली. मी त्याला घड्याळ दाखवले. दोन मिनिटे शिल्लक होती. ती मी तेथेच, वाळल्या गवतात उभा राहून काढली.